चढणीचा वडा आणि साखळीचा वडा

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला का थांबते, असा प्रश्न एखाद्या लहान मुलाने विचारला तर बहुतेक मराठी आईबाप 'वडे खायला' असे उत्तर देतील. उत्तर चुकीचे आहे, पण ते कसे चुकीचे आहे हे सांगू लागले की दीडशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. गाडी थांबते ती घाटासाठी. कर्जत आणि लोणावळा यांच्यात २८ किलोमीटरांचे अंतर आहे, आणि त्यातला घाटाचा भाग सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, अशा चढणीचा आहे. एवढी चढण एका इंजिनाला पेलत नाही म्हणून गाडीला मागून रेटा देणारी इंजिने कर्जतला जोडतात. ती जोडण्यास जी काही मिनिटे लागतात, त्या मिनिटांवर कर्जतचा बटाटेवडा उभा राहिला. भूक सगळीकडेच असते. सक्तीचा थांबा मात्र सगळीकडे नसतो.

खाद्यसंस्कृतीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात पदार्थाच्या चवीचे आणि करणाऱ्याच्या हाताचे कौतुक पुष्कळ असते, पण पदार्थ विकला जातो त्या जागेचा आणि वेळेचा विचार क्वचित होतो. प्रस्तुत लेखात एका उपाहारगृह-साखळीच्या सहसंस्थापकाची कारकीर्द पाहायची आहे. तो कर्जतचा नाही, त्याची साखळीही कर्जतला सुरू झाली नाही. तरी त्याच्याकडे जाण्याची वाट कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून जाते असे मला वाटते. म्हणून थोडे वळण घेतो.

रेल्वेचा पहिला शेवट खोपोलीला होता हे आज फारसे कुणाच्या लक्षात नसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले आणि १८५६ साली पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचले. इंग्रज त्या गावाला 'कॅम्पूली' म्हणत. नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ असलेले हे गाव मुळात घाटवाटेवरचा मुक्काम होते. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झालेला होता. १८५८ च्या जूनमध्ये वरच्या अंगाला खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली आणि मग पाच वर्षे अशी विलक्षण परिस्थिती राहिली की खाली खोपोलीपर्यंत रेल्वे, वर खंडाळ्यापासून रेल्वे, आणि मधला घाट पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने. त्या पाच वर्षांत खोपोलीला उतरलेल्या प्रवाशाने काय खाल्ले असेल? बहुधा घरून आणलेली शिदोरी. सोवळ्याओवळ्याचा तो काळ होता, परक्याच्या हातचे तळलेले खाणे ही साधी गोष्ट नव्हती. उपाहारगृहाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण स्वयंपाकाचे नसून विटाळाचे असते, याचा विसर पडू देऊ नये.

घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. पंचवीस बोगदे खोदावे लागले. कामाच्या ऐन भरात, १८६१ साली, बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे डोंगरावर राबत होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे पोचला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, कंत्राट सोडून मायदेशी परतण्याऐवजी ते पुढे चालवले आणि पुरे केले. या बाईचे नाव ज्या तपशिलाने नोंदले गेले त्याच्या शतांशानेही त्या बेचाळीस हजारांची नावे नोंदली गेली नाहीत. ती माणसे तेथे रोज काय खात होती, त्यांना कोण रांधून घालत होते, हा प्रश्न माझ्या मते खाद्येतिहासातला मोठा प्रश्न आहे. असो.

१८६३ मध्ये घाट खुला झाला आणि खोपोली एका झटक्यात आडबाजूला पडली. मुख्य मार्ग पळसदरीहून डोंगरात शिरला, खोपोलीचा फाटा शेपटासारखा मागे राहिला, आणि महत्त्व आले कर्जतला. एका गावाचे नशीब चढणीने काढून घेऊन दुसऱ्याला दिले. हीच गोष्ट या परिसरात पुढे पुन्हा घडली, ती कशी ते यथावकाश येईलच.

आता वड्याकडे वळू. बटाटेवड्याला आपण अस्सल मराठी म्हणतो आणि ते म्हणणे योग्यच आहे, पण त्याची सामग्री पाहिली तर बेसन, हळद आणि लसूण सोडता फारसे काही मूळचे येथले नाही. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगिजांचा. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. 'पाव'ही त्यांचाच. अमेरिकेतला कंद, अमेरिकेतली मिरची आणि युरोपातला पाव यांना हरभऱ्याच्या पिठाच्या आवरणात आणि एका गावच्या चटणीत बांधून 'आपले' करणे हे मोठेच सांस्कृतिक कार्य म्हणावे लागेल, आणि ते कोणा पंडिताने केले नाही. कर्जतच्या फलाटावर दिवाडकरांचे नाव या वड्याशी इतके जोडले गेले की 'कर्जतचा वडा' आणि 'दिवाडकरांचा वडा' हे शब्दप्रयोग प्रवाशांच्या तोंडी एकमेकांच्या जागी येतात. कागदात बांधलेले दोन वडे, लसणीची कोरडी लाल चटणी, तळून मीठ लावलेली हिरवी मिरची, आणि खिडकीच्या गजांतून आत येणारा हात. ज्यांनी मुंबई-पुणे प्रवास विद्यार्थिदशेत केला आहे त्यांना यापुढे वर्णन नको.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र मात्र वर्णनापेक्षा रोचक आहे. ग्राहकाला दुकानात आणावे लागत नाही. तो शेकड्यांनी, ठरलेल्या वेळी, दारात आणून उभा केला जातो, आणि ठरलेल्या वेळी काढून नेला जातो. त्याला घासाघीस करण्यास सवड नाही. विक्रेत्यालाही वेळापत्रक ठाऊक असल्यामुळे घाणा केव्हा सोडायचा हे कळते, त्यामुळे वडा गरम असतो. गरमपणा हा येथे पाककौशल्यापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकाचा गुण आहे. जाहिरात इंजिनाची शिट्टी करते. अशा परिस्थितीत मनुष्य दुसरी शाखा कशाला काढील? काढली तरी ती कोठे काढील? घाट एकच आहे, आणि तो हलवता येत नाही. कर्जतचा वडा प्रसिद्धीत कोणत्याही साखळीला मागे टाकील असा असूनही गावोगाव पसरलेली साखळी का झाला नाही, याचे उत्तर मला मालकांच्या वृत्तीत शोधण्याची गरज वाटत नाही. मराठी माणूस धंद्यात मागे, त्याला विस्ताराची हाव नाही, वगैरे जे ठरीव निदान आहे ते येथे फसते. ज्या पदार्थाचा निम्मा अर्थ त्या जागी थांबावे लागण्यात आहे, त्याची शाखा निघू शकत नाही.

शाखा निघण्यासाठी वड्याला आधी जागेपासून सुटावे लागले. ते दादरला घडले असे मानतात. १९६६ साली अशोक वैद्य यांनी दादर स्थानकाबाहेर वडा पावात घालून विकण्यास आरंभ केला, अशी सर्वमान्य कथा आहे. पावात गेल्यावर वड्याला बशी लागेना, कागद पुरेसा झाला, आणि चालता चालता खाता येऊ लागला. कर्जतचा वडा थांबलेल्या माणसाचा होता, दादरचा वडा चालणाऱ्या माणसाचा झाला. गिरणगावात पाळी सुटल्यावर धावणाऱ्या कामगाराला तो सोयीचा होता. त्याच काळात जन्माला आलेल्या शिवसेनेने पुढे उडुपी उपाहारगृहांना पर्याय म्हणून त्याला राजकीय अर्थ दिला. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या अनेक घरांनी वड्याच्या गाड्या टाकल्या. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. ती सरकारी आश्रयाने निघालेली एक साखळीच होती, आणि तिचा शेवट कसा झाला हे सर्वज्ञात आहे. बऱ्याच केंद्रांत झुणका राहिला नाही आणि जागा तेवढी राहिली.

येथवर आल्यावर वेंकटेश अय्यर यांची गाठ पडते. २००४ साली कल्याणमध्ये, म्हणजे जेथून एक रूळ कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे फुटतो त्या गावी, अय्यर आणि त्यांचे भागीदार शिवदास मेनन यांनी 'गोली वडा पाव' या नावाचे दुकान काढले. अय्यर वित्तसेवा क्षेत्रातून आलेले. त्या क्षेत्रातल्या माणसाला पदार्थापेक्षा आधी आकडा दिसतो, आणि वडापावाचा आकडा डोळे दिपवणारा होता. मुंबई परिसरात रोज प्रचंड प्रमाणावर खाल्ला जाणारा, सर्व वर्गांत चालणारा, एका हातात मावणारा आणि कोणाच्याही मालकीचा नसलेला पदार्थ. एक तमिळ आडनाव आणि एक मल्याळी आडनाव यांनी मिळून मराठी पदार्थाची साखळी काढावी याचे त्या वेळी काहींना नवल वाटले असेल. परंतु मुंबईच्या उपाहारगृहांचा इतिहास परक्यांनीच लिहिलेला आहे. इराण्यांनी आपल्याला पावमस्का दिला, उडुपीकरांनी इडली दिली. कारवारकडून आलेल्या व्यंकटेश कामतांच्या मुलाने, विठ्ठल कामतांनी, 'इडली, ऑर्किड आणि मी' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि ते मराठी तरुणांनी उद्योगगीता म्हणून वाचले. तेव्हा अय्यरांचा वडा हा या परंपरेतलाच म्हणावा लागेल.

'गोली' या नावाविषयी दोन शब्द. वड्याच्या सारणाचा, पिठात बुडवण्यापूर्वीचा, जो गोळा असतो त्याला धंद्यातली माणसे 'गोली' म्हणतात. बंबैया हिंदीत 'गोली देना' म्हणजे थाप मारणे, हेही आहेच. संस्थापकांना दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण माझ्या मते नाव नकळत आणखी एक गोष्ट सांगून जाते. या साखळीचा सगळा प्रश्न आणि सगळे उत्तर त्या गोळ्यातच होते.

प्रश्न असा की वडा हाताने होतो. सारणात मीठ किती, गोळा केवढा, पीठ किती सैल, तेल केव्हा तापले, हे सगळे करणाऱ्याच्या हातात आणि डोळ्यांत असते. एका गाडीवर ते चालते, किंबहुना त्यामुळेच ती गाडी चालते. पण दहा दुकाने काढली की दहा हात होतात आणि दहा चवी होतात. अय्यरांनी आपल्या पुस्तकात आणि भाषणांत आरंभीच्या काळातल्या ज्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या आहेत त्या सर्व या एकाच जातीच्या आहेत. दुकानादुकानांत चव बदले, तयार माल नासे, आणि माल चोरीसही जाई. बँकेतली अफरातफर हिशेबात सापडते. वड्यातली कशी सापडावी? बटाट्याला अनुक्रमांक नसतो.

त्यावर त्यांनी जे केले ते मराठी खाद्येतिहासातले एक निर्णायक वळण आहे असे मी मानतो. गोळा दुकानात वळणेच बंद केले. व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्स या कंपनीकडे त्यांनी ते काम सोपवले. तेथे यंत्राने, हात न लागता, एकाच वजनाचे गोळे होऊ लागले, ते गोठवले गेले आणि थंड पेट्यांतून गावोगाव जाऊ लागले. दुकानातल्या माणसाचे काम फक्त तळण्याचे उरले. आता ही व्हिस्टा कंपनी कोण? अमेरिकेतल्या ओएसआय समूहाची भारतातली शाखा. तिचा कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यातच, पनवेलजवळ तळोज्याला, आणि ती मॅकडॉनल्ड्सला पॅटिस पुरवणारी म्हणून ओळखली जाते. १९९६ साली मॅकडॉनल्ड्सने भारतात पहिले दुकान उघडले, त्यापूर्वी काही वर्षे ती कंपनी नुसती पुरवठ्याची व्यवस्था उभारीत होती. गोठवण, शीतवाहतूक, एकसारखा बटाटा, यातले तेव्हा येथे काहीच धड नव्हते. वडापावाला 'देशी बर्गर' म्हणण्याचा प्रघात आहे आणि वडाप्रेमींना त्याचा राग येतो. पण गोलीच्या बाबतीत ते रूपक राहत नाही. बर्गरसाठी उभारलेल्या व्यवस्थेतूनच वडा बाहेर पडला. कर्जतच्या कढईपासून तळोज्याचा कारखाना सरळ रेषेत फार दूर नाही, मध्ये माथेरानचा डोंगर तेवढा आहे. परंतु या दोन ठिकाणच्या वड्यांत जे अंतर आहे ते मैलांत मोजता येणार नाही.

या निर्णयाचे फळ मिळाले. फ्रँचायझी पद्धतीने दुकाने वाढली, व्हेंचरईस्ट या गुंतवणूक संस्थेचे भांडवल आले, महाराष्ट्राबाहेर, ज्यांना वडापाव हा शब्दही परका होता अशा गावांपर्यंत साखळी गेली, आणि दुकानांची संख्या काहीशेंवर पोचली. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत ती केस स्टडी म्हणून शिकवली गेली. तिच्या आधी, २००१ साली, मालाड स्थानकाबाहेर धीरज आणि रीता गुप्ता या दाम्पत्याने 'चाट फॅक्टरी' काढली होती, तीच पुढे 'जम्बोकिंग' झाली. ती साखळीही वाढली, पण कालांतराने तिने स्वतःला 'इंडियन बर्गर' म्हणवून घेणे पसंत केले आणि पाटीवरच्या वडापावाला मागच्या रांगेत बसवले. अय्यर-मेननांनी नाव सोडले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

सहसंस्थापक या शब्दाशी जरा थांबावे असे वाटते. साखळ्यांच्या इतिहासात हा शब्द मोठा निसरडा आहे. रे क्रॉक याचे उदाहरण घ्या. मिल्कशेकची यंत्रे विकणारा हा फिरता विक्रेता १९५४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, सॅन बर्नार्डिनोला रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडॉनल्ड बंधूंच्या दुकानात गेला. झटपट खाण्याची ती शिस्तबद्ध पद्धत बंधूंनी १९४८ मध्येच बसवली होती. पुढच्या वर्षी क्रॉकने डेस प्लेन्स येथे आपले दुकान उघडले, आणि १९६१ मध्ये सत्तावीस लाख डॉलर देऊन बंधूंचे हक्क विकत घेतले. त्यानंतर संस्थापक म्हणून जगाला क्रॉकच माहीत झाला. आणखी मौजेची गोष्ट अशी की कंपनीला खरा पैसा मिळवून देण्याची युक्ती हॅरी सॉनबॉर्न या तिसऱ्याच गृहस्थाची होती. जमीन आपण घ्यायची आणि फ्रँचायझीवाल्याला ती भाड्याने द्यायची. बर्गर विकणाऱ्याने बर्गर विकावेत, आपण जागा विकावी. म्हणजे पदार्थ एकाचा, पद्धत त्यांचीच, विस्तार दुसऱ्याचा, नफा तिसऱ्याच्या डोक्यातला, आणि नाव भलत्याचे.

आपल्याकडे भागीदारीची रीत याहून जुनी आणि अधिक सरळ होती. इराणी हॉटेलांत अनेकदा भागीदार आळीपाळीने गल्ल्यावर बसत. खानावळीच्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले तेव्हा तर गिरणी कामगारांना डबे घालणारी प्रत्येक बाई त्या संस्थेची एका अर्थाने सहसंस्थापकच होती. त्या तुलनेत नव्या साखळ्यांत एक बोलणारा संस्थापक असतो आणि एक न बोलणारा. गोलीच्या कथेत व्यासपीठावर अय्यर दिसतात. पुस्तक त्यांचे, भाषणे त्यांची, आणि त्यांना बोलण्याची कला उत्तम साधलेली आहे. मेनन यांचे नाव वाक्याच्या उत्तरार्धात येते. हे अन्यायाचे आहे असे मी म्हणत नाही, भागीदारीत कामाची वाटणी असतेच. पण आत्मकथनावरून उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्याने तो उत्तरार्ध नीट वाचावा. शिवाय तिसरा सहसंस्थापक, गोळा वळणारे ते तळोज्याचे यंत्र, त्याला कोण व्यासपीठावर बोलावणार?

आता खालापूर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ९४ किलोमीटरांचा हा रस्ता खालापूर तालुक्यातून घाटाला भिडतो. मघाशी म्हटले तसे येथे पुन्हा एका गावाचे नशीब दुसऱ्याकडे गेले. जुन्या रस्त्याची वाहतूक खोपोलीच्या मधून जात असे. एसटी थांबे, ट्रक थांबत, घाट चढण्यापूर्वी गाडीत पाणी घालण्यासाठी मोटारी थांबत. खोपोलीच्या रमाकांतचा वडा त्या थांबण्यावर नावाला आला. नव्या रस्त्याने खोपोलीला वरचेवर टाळले, आणि खालापूरच्या टोलनाक्याजवळ फूड मॉल नावाची नवीच वस्ती वसली. रेल्वेच्या वेळी खोपोलीचे हिरावले ते चढणीने, या वेळी हिरावले ते वेगाने.

फूड मॉलमध्ये वाहन सक्तीने थांबत नाही. तरी सगळे थांबतात, कारण मधे दुसरीकडे थांबण्यास मनाई आहे. कर्जतला डोंगर थांबवत होता, येथे कुंपण थांबवते. सॉनबॉर्नची युक्ती येथे नागवी दिसते. विकले जाते ते उभे राहण्याचे ठिकाण. त्यावर मग दोसा, बर्गर, मिसळ, कॉफी, काहीही चालते. वडापावही असतो, आणि तो कोठून आला हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. मी हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. रात्री अकरा वाजता लेकरे झोपाळलेली असताना स्वच्छ प्रसाधनगृह आणि गरम चहा मिळणे याची किंमत, जुन्या रस्त्यावरचा प्रवास ज्यांना आठवतो, विशेषतः ज्या स्त्रियांना आठवतो, त्या जाणतात. वड्याच्या आठवणींचे गोडवे गाणारे लेख बहुधा पुरुषांनी लिहिलेले असतात.

पण या कुंपणाच्या बाहेर कोण राहिले, तेही पाहिले पाहिजे. कर्जत-खालापूर हा कातकरी आणि ठाकर वस्त्यांचा मुलूख. कातकरी हे नावच खैराच्या काताच्या व्यवसायावरून आलेले. जंगल सरकारच्या ताब्यात गेल्यावर तो व्यवसाय गेला, आणि मागे राहिली वीटभट्टीची मजुरी आणि रानमेव्याची किरकोळ विक्री. वैशाखात पानांच्या द्रोणातली करवंदे आणि जांभळे, पावसाळ्याच्या तोंडावर रानभाज्या, हे घेऊन त्या बायका जुन्या रस्त्याच्या कडेला आणि फलाटांवर बसत आल्या आहेत. त्यांचाही धंदा थांबण्यावरच चाले, अगदी वड्यासारखा. द्रुतगती मार्गावर पायी येण्यास बंदी आहे, आणि फूड मॉलमधल्या गाळ्याचे भाडे करवंदांतून निघत नाही. वड्याला जागेपासून सुटण्याची वाट सापडली, कारण त्याला गोठवता आले. पहाटे डोंगरात फिरून वेचलेल्या आणि दुपारपर्यंत मऊ पडणाऱ्या फळाची साखळी निघत नाही. अय्यरांची कारकीर्द वाचताना मला या बाईचे स्मरण पुन्हा पुन्हा होते. तिच्यात आणि त्यांच्यात उद्यमशीलतेचा फरक आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. तिलाही माल ओळखता येतो, गिऱ्हाईक ओळखता येते, नुकसान सोसता येते. तिच्याकडे तळोजे नव्हते, आणि ते उभारण्यात कोणत्याही परकीय कंपनीला रस नव्हता.

कर्जतच्या फलाटावर याच काळात एक शांत बदल होत होता. प्रथम खिडक्या गेल्या. वातानुकूलित डब्यांची काच उघडत नाही, म्हणून वडेवाल्याला दारातून आत शिरावे लागते किंवा प्रवाशाला खाली उतरावे लागते, आणि थोड्या मिनिटांच्या व्यवहारात हे फार मोठे अंतर असते. मग इंजिनांची पाळी आली. २०१९ साली मुंबई-पुणे इंटरसिटी एक्स्प्रेसला पुढे एक आणि मागे एक इंजिन जोडून, कर्जतला रेटा देणारी इंजिने न लावता घाट चढवून पाहण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी असल्यामुळे ती घाट कोणाच्याही मदतीशिवाय चढते. तिच्या थांब्यांच्या यादीत दादर आहे, कल्याण आहे, पुणे आहे. कर्जत नाही. खाणे जागेवर, ट्रेमध्ये, मिळते. १ जून १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनलाही स्वतःची भोजनगाडी आहे आणि तिच्या प्रवाशांना उपाशी राहण्याचे कारण कधीच नव्हते, तरी ती इंजिनांसाठी कर्जतला उभी राहते तेव्हा दारातून हात बाहेर येतातच.

बाकीच्या गाड्या अजून थांबतात. मागून इंजिने येऊन लागतात, गाडीला तो ओळखीचा हिसका बसतो, आणि फलाटावर टोपली घेऊन उभा असलेला माणूस त्या हिसक्यावरून, घड्याळाकडे न पाहता, किती डबे अजून फिरता येतील याचा अंदाज घेतो.